पाळ, पाणी आणि मासळी : प्रस्तावना

किनाऱ्याची धूप आणि मत्स्यसंपदेचे जतन असा विषय निघाला, की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा धूपप्रतिबंधक बंधारा, पालघरकडील कोळीवाड्यांच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपलेले उधाणाचे पाणी आणि ससून गोदीतला पहाटेचा लिलाव ही चित्रे उभी राहतात. भंडारा जिल्ह्याचे नाव त्या वेळी कोणाच्या ओठांवर येण्याचे काही कारण नाही. अरबी समुद्र जेथून शेकडो कोस दूर आणि बंगालचा उपसागरही जवळ म्हणावा असा नव्हे, अशा या भातपिकाच्या मुलखाला किनारा कसला, असे कोणी विचारल्यास त्याला तुमसरपासून लाखांदूरपर्यंत एकदा पावसाळ्याच्या अखेरीस नेऊन आणावे. पाणी आणि जमीन यांची हद्द जेथे दर वर्षी नव्याने ठरते असा काठ येथे बहुतेक प्रत्येक गावाच्या वाट्याला आला आहे: कोठे तो मालगुजारी तलावाच्या मातीच्या पाळीचा आहे, कोठे एखाद्या बोडीचा म्हणजे लहान तळ्याचा, कोठे चुलबंद किंवा बावनथडीच्या ढासळत्या दरडीचा, आणि गेल्या काही वर्षांपासून गोसेखुर्द धरणाच्या अफाट जलाशयाचा. या काठावर जगणारी माणसे आहेत, त्या काठावरून तंटे आहेत, आणि काठ खचला की शेतकऱ्याच्या पाण्याबरोबर मासे धरणाऱ्या ढिवराची मासळीही जाते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय तोच आहे.

धूप आणि मासळी या दोन प्रश्नांचा विचार आजवर दोन निराळ्या शास्त्रांनी केला आणि दोहोंनी एकमेकांकडे फारसे पाहिले नाही. मत्स्यविद्येचा आरंभ विपुलतेवरील विश्वासातून झाला. 1883 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्स्ली यांच्यासारख्या थोर जीवशास्त्रज्ञाने समुद्रातील मोठी मासेमारी अक्षय असल्याचे मत मांडले, आणि त्या आत्मविश्वासाला तडा जाण्यास पुढे काही दशके लागली. विसाव्या शतकाच्या मध्यास शास्त्रज्ञांनी साठा, वाढ आणि पकड यांचे गणित बसवून वर्षाकाठी निर्धास्तपणे काढता येईल अशा कमाल उत्पन्नाची कल्पना रूढ केली. 1954 साली स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ज्या पाण्यावर कोणाचीच मालकी नाही तेथे प्रत्येक जण नफा संपेपर्यंत जाळे टाकीतच राहणार. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी हाच विचार कुरणापासून लोकसंख्येपर्यंत ताणून सामायिक संपत्तीचा नाश अटळ ठरवला. मग 1992 मध्ये कॅनडा सरकारला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, आणि हिशेब, शास्त्र व सरकारी देखरेख हे सारे हाताशी असतानाही साठा बुडू शकतो, ही गोष्ट सर्वांनी पाहिली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा 1990 चा ग्रंथ त्याआधीच आला होता. शासन किंवा खाजगी मालक या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे, आणि मर्यादा, पाळीपाळीचे वाटप, देखरेख व दंड यांचे नियम स्वतः बांधून घेणाऱ्या वापरकर्त्यांच्या समुदायांनी पिढ्यान्‌पिढ्या सामायिक पाणी, कुरणे व मासेमारी सांभाळली आहे, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी सिद्ध केले. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आपल्याकडील पुष्कळ विद्वानांना हा विचार नवा वाटला. पूर्व विदर्भात तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांतील एखाद्या म्हाताऱ्या पाटलाला तो नवा वाटला नसता.

धुपेच्या शास्त्राचा प्रवास थोडक्यात सांगता येईल, कारण तो दगडाकडून झाडाकडे झालेला आहे. आरंभी लाट आली की भिंत बांधावी असा स्थापत्यशास्त्राचा खाक्या होता. भिंतीने अडवलेली लाट शेजारच्या पुळणीची वाळू ओढून नेते, हे अनुभवान्ती कळले, तेव्हा खारफुटी, वाळूचे टेकाड, काठावरचे गवत यांना प्रतिष्ठा आली. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने आणि तिच्या 2011 व 2019 च्या सुधारित आवृत्त्यांनी समुद्रकाठाला निदान कागदोपत्री एक कायदेशीर पट्टा दिला. गोड्या पाण्याच्या काठाला असे काहीच मिळाले नाही. तलावाची पाळ ही आजही पाटबंधाऱ्याच्या दप्तरातील एक मातीकामाची बाब आहे.

परंतु या पाळीची हकीकत सरकारी दप्तरापेक्षा पुष्कळ जुनी आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या अमदानीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाखालची जमीन मिळे अशी परंपरा सांगितली जाते, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात या कामात पुढे आले ते कोहळी. आपले पूर्वज बनारसेकडून आले असे हे लोक सांगत, आणि रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात त्यांच्या तलाव बांधण्याच्या व ऊस पिकवण्याच्या कौशल्याची नोंद केली आहे. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तेथे माती व मुरूम यांचा बांध घालायचा, एका बगलेस जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा ठेवायचा, पाळीच्या पोटातून पाणी सोडण्यास तुडुम बसवायचा, आणि वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात उतरेल अशी साखळी जुळवायची, हे काम दुर्बीण व नकाशा यांच्या साह्यावाचून झाले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटलाने बांधला असे लोक सांगतात. तो आता गोंदिया जिल्ह्यात मोडतो, कारण 1 मे 1999 रोजी जुन्या भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले. साकोलीजवळचा शिवनीबांध मात्र भंडाऱ्याकडेच राहिला. या ग्रंथाने ती सीमारेषा फारशी मानलेली नाही, आणि ते योग्यच आहे. पाणी तरी कोठे मानते?

पाळ कशी खचते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. श्रावणात तलाव भरला, की नैर्ऋत्येच्या वाऱ्याने उठणाऱ्या लहान लहान लाटा पाण्याच्या वरच्या रेषेवर पाळीला सतत चाटत राहतात. लाट हातभर उंचीचीही नसते; पण महिनाभर एकाच पातळीवर ती आदळत राहिली म्हणजे मातीत एक आडवी खाच पडते, खाचेवरचा भाग ओला होऊन सुटतो, आणि उताराची पाळ त्या ठिकाणी उभ्या भिंतीसारखी होते. पुढच्या वर्षी लाट त्याच भिंतीच्या पायथ्याशी लागते. सुटलेली माती लांब जात नाही. ती तुडुमाच्या तोंडाशी व उथळ कडेला बसते, म्हणजे पाळ बारीक होत जाते आणि तलाव त्याच मातीने भरत जातो. पाण्याच्या अंगाला गवताची दाट गादी, कडेच्या उथळ पाण्यात देवधान, कमळ आणि तळाशी रुजलेल्या पाणवनस्पती असल्या, की लाटेचा जोर पाळीपर्यंत पोहोचण्याआधीच मोडतो. आता यातली मौज अशी, की मरळ घरटे करते ते याच वनस्पतींच्या आडोशाने, लहान खवली अंडी चिकटवतात त्या याच पानांना, आणि पिले पहिले काही आठवडे मोठ्या माशांपासून लपतात ती याच उथळ पाण्यात. पाळीचे संरक्षक कवच आणि मासळीचे बाळंतघर ही एकच वीसपंचवीस पावलांची पट्टी आहे. तेथे बेशरम हे तण माजले, किंवा बुलडोझर फिरला, किंवा पाणी ओसरताच कोणी गाळपेर करून नांगर घातला, तर दोन्ही गोष्टी एकदमच जातात.

मग ही पट्टी सांभाळण्याचे काम कोणाचे? इंग्रजी अमलात 1860 नंतरच्या बंदोबस्ताने मालगुजारांना गावाचे मालक ठरवले आणि तलाव त्यांच्या मालकीत धरले गेले. गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, पाण्याचे हक्क निस्तार म्हणून वाजिब-उल-अर्ज या गावाच्या हक्कनोंदीत लिहिले गेले. उन्हाळ्यात पाळीवर माती चढवणे, तुडुम दुरुस्त करणे, पाटातला गाळ काढणे ही कामे मालगुजार गावाकडून करवून घेई, कारण पाळ फुटली तर त्याचाच वसूल बुडे. या व्यवस्थेचे अलीकडे फार गोडवे गायले जातात आणि ते ऐकताना मला नेहमी अवघडल्यासारखे होते. त्या श्रमाचा बराच भाग राजीखुशीचा नव्हता, वेठबिगार त्या काळी मध्य प्रांतात सर्रास चाले, आणि ज्या ढिवरांना त्या पाण्याची सर्वाधिक जाण होती त्यांचा तलावावर हक्क असा काहीच नसून ते मालगुजाराच्या मर्जीने जाळे टाकीत. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: ज्याच्या हाती हक्क होता त्याच्याच गळ्यात दुरुस्तीची जोखीम होती.

1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, तो अमलात आला त्या 31 मार्च 1951 पासून, तलाव सरकारजमा झाले. अन्यायी मालकी संपली ही गोष्ट इष्टच होती. परंतु तलाव सरकारकडे आले तेव्हा हक्क आणि जोखीम यांची गाठ सुटली ती पुन्हा कोणी बांधली नाही. राज्ये बदलली, 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि आकारमानाप्रमाणे तलावांची वाटणी होऊन पाळ एका खात्याकडे, पाणी वाटपाचा निर्णय दुसरीकडे, मासेमारीचा ठेका तिसरीकडे, आणि तलावाच्या पोटातील अतिक्रमण हा महसुलाचा विषय अशी स्थिती झाली. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार माजी मालगुजारी तलाव सांगितले जातात; त्यांना सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ असे आटोपशीर नाव मिळाले आहे. मामाच्या घराची ही अवकळा पाहता त्या नावातला विनोद जाणूनबुजून केलेला नसावा.

याच सुमारास मासळीच्या क्षेत्रात एक क्रांती घडत होती. फ्रान्सिस डे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या माशांची पाहणी करून त्यांच्या संहाराबद्दल सरकारला सावध केले होते, आणि 1897 च्या मत्स्य कायद्याने सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास बंदी घातली होती. पण उत्पादन वाढवण्याचा मार्ग बंदीतून निघत नाही. तो निघाला 10 जुलै 1957 रोजी, जेव्हा ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन साधले. तोवर कटला, रोहू, मृगळ यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. त्यानंतर ते हौदात तयार होऊ लागले, आणि देशभरच्या तलावांत बोटुकली सोडून वर्षअखेर वजनावर विकण्याचा व्यवसाय उभा राहिला. ढिवरांच्या सहकारी संस्थांना ठेके मिळू लागले, बँकांची कर्जे आली, अनुदाने आली. या लाभाला नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या समाजाला तलावावर पायही ठेवण्याची मुभा दुसऱ्याच्या मर्जीवर होती त्याला संस्थेचा शिक्का आणि कागद मिळाला. परंतु कार्प हा सोडलेला मासा आहे, रुजलेला नव्हे. बंद तलावाच्या उभ्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ वीत नाहीत, म्हणून दर वर्षी बीज विकत घ्यावे लागते. ते सोडण्याआधी मरळ, शिंगटा यांसारख्या शिकारी माशांना ‘निरुपयोगी’ ठरवून काढून टाकण्याचा सल्ला दिला गेला. आणि गवत्या माशाने तर पाणवनस्पतींवर ताव मारून पाळीच्या कवचालाच हात घातला. संस्थेची उलाढाल वाढली, तरी ढिवराच्या बायकोने टोपलीत घालून आठवडी बाजारात विकण्याची, आणि उरली तर घरच्या कालवणात पडण्याची बारीक देशी मासळी कमी होत गेली. पकडीच्या वजनाचे आकडे हे नुकसान दाखवीत नाहीत, कारण ही मासळी त्यांत कधी मोजलीच जात नव्हती.

शेतकरी आणि ढिवर यांच्या हितसंबंधांतला विरोध हा या ग्रंथाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला धागा आहे, कारण याविषयी लिहिणारे बहुधा दोघांनाही ‘स्थानिक लोक’ या एका गोणीत घालतात. भाताला पाणी हवे ते लोंबी भरण्याच्या वेळी, आश्विनात. पावसाने दगा दिला तर शेतकरी तुडुम पूर्ण उघडून तलाव तळाला नेतो, आणि त्यात त्याचे चुकतही नाही. ढिवराला मात्र वैशाखातही पुरुषभर पाणी तळाशी शिल्लक हवे. गाळ काढण्याच्या योजनांनी, विशेषतः 2017 नंतरच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या कार्यक्रमाने, दोघांचाही फायदा व्हावा अशी अपेक्षा होती. पण यंत्र जेथे सहज उतरते तेथून, म्हणजे काठाकडूनच, खोदत आत जाते, आणि वर सांगितलेली उथळ पट्टी खरवडून निघते. तलाव खोल झाला, शेतात सुपीक माती पडली, आणि पुढच्या पावसाळ्यात लाट थेट उघड्या पाळीवर आली. गाळ मध्यातून काढावा व काठ सोडावा एवढा साधा नियम निविदेत लिहिण्यास पैसा लागत नाही. मात्र तो लिहिणाऱ्या खात्याला माशाशी कर्तव्य नाही, आणि माशाच्या खात्याला निविदा दिसत नाही.

उलट दिशेने जाणारी उदाहरणेही आहेत. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर संस्थांना, आणि विशेष म्हणजे ढिवर स्त्रियांना, बरोबर घेऊन काही तलावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली आणि देशी मासे परत येण्यास वाव दिला. कोणती वनस्पती कोणत्या मातीत धरते, कोणता मासा कोणत्या पानाखाली राहतो, हे ज्ञान त्या वस्तीतच होते. विद्यापीठातून आले ते मोजमाप. हे काम मोजक्या तलावांपुरते आहे अशी टीका होते. ती खरी आहे, आणि तरीही सात हजार तलावांसाठी मंत्रालयात आखलेल्या योजनेपेक्षा ते मला अधिक शिकवून जाते.

तलावाकडून नदीकडे वळले की प्रश्नाचे परिमाण बदलते. वैनगंगा ही केवळ भंडाऱ्याची नदी नाही. वर्धेला मिळून ती प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते, म्हणजे पवनीच्या घाटावरून वाहणारे पाणी अखेर आंध्रच्या किनाऱ्यावर पोहोचते. गोदावरीचा मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या पिलांना जगण्यास खाडीचे मचूळ पाणी लागते. ती पिले खाली जातात आणि पुढे प्रवाहाच्या उलट चढत वर येतात. मधल्या धरणांनी ही वाट तुटली, आणि वैनगंगेच्या डोंग्यांतून एके काळी निघणारा झिंगा दुर्मीळ झाला. त्याच धरणांनी अडवलेला गाळ व घाटाघाटांतून उपसली जाणारी रेती समुद्रापर्यंत पोहोचत नाही. गोदावरीच्या मुखाशी किनारा मागे सरकत आहे त्याच्या कारणांत गाळाची ही तूट एक आहे. किनाऱ्याची धूप थांबवण्याचा विचार ज्यांना काकीनाड्यास बसून करावयाचा आहे त्यांना भंडाऱ्याच्या रेतीघाटांच्या लिलावाचा कागदही एकदा वाचावा लागेल.

गोसेखुर्दची पायाभरणी 1988 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. अकरा किलोमीटरांहून लांब धरण, तेहेतीस दरवाजे, अडीच लक्ष हेक्टरांचे सिंचन ही त्याची वर्णने सर्वांस पाठ आहेत. पण नदीच्या वाहत्या पाण्यात डोह व खडक यांच्या खुणांवर मासेमारी करणाऱ्या माणसाला एका रात्रीत समुद्रासारखे पाणी मिळाले म्हणजे त्याचे जाळे, त्याचा डोंगा आणि त्याचे ज्ञान ही तिन्ही अपुरी पडतात, याची नोंद प्रकल्पाच्या अहवालांत सापडणे कठीण. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात उतरते, जलपर्णी त्याच्या काठाला वेढते, आणि 2020 च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुराने भंडारा शहरासकट नदीकाठची वस्ती पाण्याखाली घातली तेव्हा पाणी केव्हा व किती सोडावे हा प्रश्न मासळीच्या पलीकडे जाऊन जीविताचा झाला. पाऊस आता थोड्या दिवसांत अधिक कोसळतो, म्हणजे जुन्या मापाचे सांडवे तोकडे पडतात आणि पाळींवरचा ताण वाढतो. 2020 साली सुरू झालेली मत्स्यसंपदा योजना अशाच जलाशयांत पिंजऱ्यांतून मत्स्योत्पादन वाढवण्यास उत्तेजन देते. पाळींवरचा ताण आणि उत्पादनाची घाई या दोन्ही गोष्टी एकाच काठावर एकाच वेळी येऊन आदळत आहेत, म्हणून असा ग्रंथ आज हवा होता.

या संग्रहातील लेखक एका मताचे नाहीत आणि संपादकांनी त्यांना एका मताचे करण्याचा यत्न केलेला नाही. काहींची श्रद्धा ठेक्याची मुदत वाढवून संस्थांना पाळीच्या दुरुस्तीत भागीदार करण्यावर आहे. काही जण वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्कांच्या तरतुदीतून तलावातील मासळीवर ग्रामसभेचा हक्क शाबीत करण्याची वाट दाखवतात. अभियंत्यांची एक मांडणी अशीही आहे, की सांडवा व तुडुम यांच्या शास्त्रशुद्ध दुरुस्तीवाचून बाकीचे सर्व अरण्यरुदन ठरेल. माझा स्वतःचा कल पहिल्या दोन मतांच्या मधोमध कोठेतरी आहे: ज्याला पाण्यातून काही काढावयाचे आहे त्याच्याच हाती काठाची राखण असावी, आणि त्या राखणीचा खर्च सरकारने ठेक्याच्या रकमेतून वजा करून द्यावा. यात कोहळी, ढिवर, कुणबी आणि गोंड यांना एका बैठकीत बसवण्याचा जो भाग आहे तो सर्वांत अवघड असून त्याविषयी लिहिणाऱ्यांनी जातीचा प्रश्न टाळलेला नाही, याचे मला समाधान वाटते.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. समुद्रकाठच्या मासेमारीवर येथे स्वतंत्र लेख नाही. कोकणातील पावसाळी बंदी आणि पर्ससीनचे वाद तुलनेपुरतेच येतात. गोसेखुर्दच्या जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापित ढिवरांना कोणत्या अटींवर मिळावा, याबद्दल मात्र संपादकांनी अंतिम मत दिलेले नाही. संस्थांच्या मागण्या, खात्यांचे युक्तिवाद आणि काठावरच्या गावांचे ठराव त्यांनी परिशिष्टात जसेच्या तसे छापले आहेत, आणि ज्यांना हा विषय नवा आहे त्यांनी वाचनाचा आरंभ खुशाल तेथूनच करावा.